मूठ उघडायची तर: बोटॉक्सनंतरचे तीन महिने कसे वापरायचे

माझ्या डाव्या हाताची नखं कापणं हे आमच्या घरात दोन माणसांचं काम होतं. मुलगा बोटं एकेक करून उचकटून धरायचा आणि बायको घाईघाईने नेलकटर आत सरकवायची. जरा हात सुटला की मूठ पुन्हा गच्च. मधल्या बोटाचं नख तळव्यात रुतून जखम झाली होती, आणि तळहाताला दिवसभर पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा कुबट वास यायचा.

मी शिंपी. कऱ्हाडला पस्तीस वर्षं मशीनवर बसलोय. २०२२ च्या जूनमध्ये, शाळेच्या गणवेशांची घाई चालू असताना, मला पॅरालिसिसचा झटका आला. कात्री उजव्या हातात तशीच राहिली, डाव्या हाताखालचं कापड मात्र सरकून खाली गेलं. आधी तो हात लुळा होता. दोन-तीन महिन्यांत कोपरात वाकायला लागला, मग मूठ वळली, आणि वर्षभरात हात छातीशी असा चिकटला की सदऱ्याची बाही घालायची म्हणजे लढाई.

त्यानंतर मी आखडलेले स्नायू सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शनं घेतली. पहिल्या वेळचे पैसे पाण्यात गेले, दुसऱ्या वेळचे सार्थकी लागले. औषध तेच होतं. फरक पडला तो नंतरच्या तीन महिन्यांत आम्ही काय केलं त्याने. ते सगळं इथे लिहितोय. कुठल्या स्नायूत किती द्यायचं हे डॉक्टरांचं काम, त्यात मी पडत नाही.

दोरा ताणलाय की कापड आटलंय?

मशीनवर वरच्या दोऱ्याचं टेन्शन जास्त झालं की शिवण गोळा होते, चुण्या पडतात. चकती थोडी सैल केली की कापड पुन्हा सपाट. पण कापडच धुऊन आटलं असेल, तर चकती कितीही फिरवा, काही होणार नाही. आखडलेल्या हातात हे दोन्ही प्रकार एकत्र असतात. मला हे फिजिओच्या मॅडमनी सांगितलं तेव्हा त्यांनी कापडाचं नाव घेतलं नव्हतं, पण माझ्या डोक्यात ते तसंच बसलं.

पहिला प्रकार मेंदूकडून येतो. झटक्यानंतर मेंदूचा लगाम सुटतो आणि स्नायूला ‘आवळ, आवळ’ असा हुकूम सारखा जात राहतो. याची खूण अशी, की हात झटकन सरळ करायला गेलं की मध्येच अटक लागते, सावकाश केला तर तो त्याच्या पुढे जातो. दुसरा प्रकार म्हणजे खरंच आटणं. महिनोन्‌महिने आखूड राहिलेला स्नायू लांबीलाच कमी होतो, सांध्याभोवतीचं आवरणही कडक होतं. तिथे कितीही हळू गेलात तरी हात लाकडावर आपटल्यासारखा थांबतो.

मॅडमनी माझं कोपर एकदा झटकन आणि एकदा सावकाश सरळ करून बघितलं. झटकन केल्यावर काटकोनातच अडकलं, सावकाश केल्यावर जवळजवळ सरळ झालं. त्या म्हणाल्या, “या दोन जागांमधलं जे अंतर आहे ना काका, तेवढंच इंजेक्शनचं काम. शेवटचं जे उरलंय ते तुमचं आणि माझं.” तपासणीच्या वेळी हा प्रश्न तुम्हीही विचारा: झटकन कुठे अडकतंय, सावकाश कुठे थांबतंय? दोन्ही एकाच जागी असेल तर नुसत्या इंजेक्शनने फारसा फरक पडणार नाही. मग दर आठवड्याला बदलायचं प्लास्टर किंवा शस्त्रक्रिया असे दुसरे रस्ते बघावे लागतात. घरी झटके देऊन ही परीक्षा करत बसू नका, खांदा दुखावून घ्याल.

सुरकुत्यांचं इंजेक्शन हाताला कशाला?

शेजारच्या वहिनींनी हाच प्रश्न विचारला होता. बायको म्हणाली, “अहो, उरलं तर माझ्या कपाळाला लावा.” औषध तेच, काम तेच. बोटॉक्स म्हणजे बोट्युलिनम, हे एका जिवाणूचं विष आहे. लॅटिनमध्ये ‘बोटुलस’ म्हणजे सॉसेज. १८२० च्या सुमारास जर्मनीत खराब सॉसेज खाऊन माणसं लुळी पडून मरत होती, त्याचा अभ्यास युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने केला (हा गृहस्थ कवीही होता). हे विष थोड्या प्रमाणात औषध म्हणून वापरता येईल असं त्याने तेव्हाच लिहून ठेवलं होतं. ते खरं व्हायला दीडशेहून जास्त वर्षं गेली. अमेरिकेत १९८९ मध्ये परवानगी मिळाली ती तिरळ्या डोळ्यांसाठी आणि मिटून राहणाऱ्या पापण्यांसाठी. सुरकुत्या त्यानंतर आल्या.

नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायू आवळतो. इंजेक्शन हे रसायन सुटूच देत नाही. हुकूम दारापर्यंत येतो, पण दार उघडत नाही. पुढे नसेला नवे फाटे फुटतात, मग जुनी टोकंही कामाला लागतात आणि साधारण तीन महिन्यांत सगळं पूर्ववत होतं. म्हणजे चकती कायमची सैल झालेली नसते, ती पुन्हा आवळली जाणार आहे. आणि हे औषध आटलेलं कापड एक सूतभरही लांबवत नाही.

पहिल्या वेळी मला हे कुणीच सांगितलं नाही. जिथे घेतलं तिथे “झालं, महिन्याने दाखवा” एवढंच कानावर पडलं. मला वाटलं, ताप उतरतो तसं हे औषध आपलं काम करेल. दोन आठवड्यांत हात सैल पडला, आम्ही पेढे वाटले, आणि हात दुखू नये म्हणून दिवसभर झोळीत बांधून ठेवला. झोळीत हात कसा असतो? कोपरात वाकलेला. चौथ्या महिन्यात मूठ जिथल्या तिथे. इतकं महागाचं औषध आम्ही झोळीत घालून झोपवलं.

आधीची तयारी

इंजेक्शनच्या तारखेआधी स्प्लिंट (हात ताणलेल्या स्थितीत धरून ठेवणारा साचा) बनवायला टाकलेली असावी आणि फिजिओची वेळ घेतलेली असावी. तारीख मिळाली म्हणून आधी टोचून घ्यायचं आणि मग फिजिओ शोधायला निघायचं, यात सगळ्यात चांगले आठवडे हातचे जातात.

काय साधायचंय ते कागदावर लिहा. मी पहिल्या वेळी “हात बरा व्हावा” म्हणालो होतो. असं लिहून उपयोग नाही. दुसऱ्या वेळी तीन गोष्टी लिहिल्या: एकट्या माणसाला माझी नखं कापता यावीत, बाही दोन मिनिटांत चढावी, आणि कटिंगच्या टेबलावर डाव्या हाताने कापड दाबून धरता यावं. डॉक्टरांनी पहिल्या दोन्हींवर लगेच खूण केली. तिसरीवर म्हणाले, “प्रयत्न करू.” प्रामाणिक माणूस. धुणं-पुसणं, कपडे घालणं, दुखणं कमी होणं हे या औषधाने बऱ्यापैकी खात्रीने साधतं. हात स्वतःहून काम करायला लागेल का, ते त्यात मुळात किती जीव उरलाय यावर असतं.

ताठरपणा अचानक वाढला असेल तर आधी दुसरं कारण शोधा. बद्धकोष्ठ, लघवीतला संसर्ग, बोटात रुतलेलं नख, पाठीवरची जखम, यातल्या कशानेही आखडणं वाढतं. चालू असलेली औषधं सगळी सांगा. झटका येऊन गेलेल्या बहुतेकांना रक्त पातळ करायची गोळी असते. ती सांगायची, पण स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. गिळायला त्रास होत असेल, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल किंवा जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी अँटिबायोटिक इंजेक्शनं चालू असतील, तर ते मुद्दाम सांगा.

आणि मापं घ्या. मी टेपवाला माणूस, मला दुसरं काय सुचणार? दहा पावलं चालून उभं राहायचं आणि खांद्याच्या हाडापासून मनगटाच्या हाडापर्यंत टेप सरळ धरायचा, हाताच्या वळणावरून नाही. माझा उजवा साडेबावीस इंच, डावा सोळा. हात सैल सोडून मधल्या बोटाचं टोक आणि तळवा यांतलं अंतर शून्य. दर रविवारी, त्याच वेळी, त्याच बनियनवर हीच मापं. डोळ्यांना सवय होते आणि फरक कळत नाही, टेपला सवय होत नाही.

टोचायच्या दिवशी

औषध दोन ते आठ अंशांत ठेवलेलं असतं, कुपीत तळाशी बघावं लागेल इतकीशी पूड. सलाईनमध्ये कालवतात. माझ्या वेळी सोनोग्राफीच्या पडद्यावर स्नायू बघत सुई घातली. दंडातल्या बायसेप्समध्ये १०० युनिट, बोटं मिटणाऱ्या दोन स्नायूंत पन्नास-पन्नास, मनगटाच्या एकात ५०. एकूण २५०. कुपी शंभराची, म्हणून तीन फोडल्या आणि उरलेलं अर्धं फेकलं, तेव्हा बायकोचा जीव वरखाली झाला. ते घरी आणून फ्रीजमध्ये ठेवायची सोय नाही.

एक कागद मागून घ्या: कंपनीचं नाव, कुठल्या स्नायूत किती युनिट, तारीख. एका कंपनीचं युनिट आणि दुसरीचं युनिट सारखं नसतं. बोटॉक्सचे १०० म्हणजे डिस्पोर्टचे १०० नव्हेत. पुढच्या वेळी डॉक्टर बदलले तर हा कागदच कामाला येतो.

त्या दिवशी टोचलेल्या जागी चोळू नका, तेल लावून रगडू नका. दोन-तीन दिवस काही वाटत नाही. तेव्हा “फसवलं” म्हणू नका. माझ्या बाबतीत पाचव्या दिवशी अंघोळ करताना साबण तळव्यात गेला, तो स्वतःहून. औषधाचा जोर साधारण दोन ते सहा आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो. खरा हंगाम हाच.

बोटं ओढायची नाहीत, मनगट वाकवायचं

आता मुख्य काम. बायको आणि मुलगा वर्षभर जे करत होते ते उलटं होतं. मूठ मिटलेली, मनगट वर धरलेलं, आणि बोटांच्या टोकांना धरून ओढाताण. बोटं मिटणारे स्नायू कोपराजवळून निघतात आणि मनगटावरून जाऊन बोटांच्या टोकांपर्यंत पोचतात. नाडीचा दोरा जसा नेफ्यातून जातो, तसे. मनगट वर धरलेलं असताना दोरा आधीच ताणलेला, त्यात तुम्ही दुसऱ्या टोकाला ओढताय.

करायचं ते असं. आधी हात कोमट पाण्यात पाच मिनिटं. पाणी किती गरम आहे ते चांगल्या हाताने बघा, कारण लकव्याच्या हाताला चटका कळेलच असं नाही. मग बसून, हात उशीवर, खांदा सैल. ताण देणाऱ्याने एका हाताने मनगट तळव्याच्या बाजूला खाली वाकवायचं. बघा, मूठ आपोआप थोडी उघडते. पहिल्यांदा हे झालं तेव्हा बायको “अगंबाई” म्हणून माझ्याकडे बघतच राहिली. वर्षभराची कुस्ती तिथे संपली.

मूठ सैल झाली की अंगठा. तो टोकाला धरून ओढायचा नाही, सांधा निखळतो. बुडाशी, जिथे मांसल उंचवटा आहे तिथून धरून बाहेर काढायचा. मग चारही बोटांखाली आपली बोटं पूर्ण लांबीने सरकवून ती सरळ करायची. बोटं सरळ आहेत तशीच धरून, शेवटी मनगट हळूहळू वर आणायचं. इतकं हळू, की बघणाऱ्याला कंटाळा आला पाहिजे. ताण जाणवला की थांबायचं आणि तिथेच तीस सेकंद ते एक मिनिट धरायचं. अटक लागली तर जोर लावायचा नाही. तिथेच थांबून श्वास सोडायचा, बहुतेक वेळा ती विरघळते. झटके नाहीत, हिसके नाहीत. असं पाच वेळा, दिवसातून दोन-तीनदा.

कोपरासाठी एक हात कोपराच्या वर, एक मनगटाच्या वर, तळवा छताकडे वळवून सावकाश लांब. दंड धरून खांद्यातून ओढू नका. लकव्याचा खांदा खोबणीत नीट बसलेला नसतो आणि एकदा दुखायला लागला की सगळा व्यायाम बंद पडतो. थोडा ताण वाटणं ठीक, कळ येणं नाही. इंजेक्शननंतर हात सैल असतो म्हणून हौसेने जास्त ओढलं जातं, ते सांभाळा.

रात्रभराची घडी

एक गोष्ट मला पटायला वेळ लागला. दिवसातून पाच-दहा मिनिटं हाताने दिलेला ताण आटलेला स्नायू लांबवायला पुरत नाही. सांधा मोकळा राहतो, हात धुता येतो, पण लांबी मिळते ती तासन्‌तास ताणलेल्या स्थितीत राहिल्याने. पूर्वी पँटला घडी पाडायला ती नीट दुमडून रात्रभर गादीखाली ठेवायचे. दोन मिनिटं त्यावर बसून घडी पडत नसे. स्प्लिंट म्हणजे ती गादी.

माझी प्लास्टिकची आहे, गरम पाण्यात मऊ करून माझ्याच हातावर बसवलेली. मनगट किंचित वर, बोटं जवळजवळ सरळ, अंगठा बाहेर. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग तास, मग दोन, आणि दहा दिवसांनी रात्रभर. काढल्यावर कातडी बघायची. लाल वळ वीस मिनिटांत गेला नाही तर ती जागा बदलून घ्यायची. माझा अंगठ्याच्या बुडाशी राहायचा. मी स्वतःच घरी तापवून वाकवायला निघालो होतो, इस्त्री हातात घेतलेली पाहून मॅडम जे ओरडल्या ते अजून आठवतं.

सैल हाताला काम द्या

ताण देणं हे अर्धंच झालं. मिटणारे स्नायू शांत असतात त्या काळात उघडणाऱ्यांना ताकद द्यायची. मी टेबलावर पंचा ठेवून त्यावर डावा हात, आणि इस्त्री केल्यासारखा पुढे सरकवायचो. रोज शंभरदा. मग उभं राहून हात टेबलावर टेकवून अंगाचा भार द्यायचा. मग मांजरपाटाचा तुकडा त्या हाताखाली ठेवून उजव्याने खडूची रेघ मारायची. पहिल्या आठवड्यात कापड खडूबरोबर फिरायचं. लोक मऊ चेंडू आणून देतात, “दाबत राहा” म्हणून. मी ते तिन्ही चेंडू नातवाला दिले. मूठ आवळणं माझ्या हाताला नको इतकं येत होतं.

पायासाठी घेणाऱ्यांना एवढंच सांगतो: ताठरपणा नेहमी शत्रू नसतो. काहीजण त्या ताठ पायाच्याच आधारावर उभे असतात, तो जास्त सैल केला तर गुडघा लचकतो. पहिले काही आठवडे न्हाणीघरात सोबत कुणीतरी हवं. पोटरीला ताण देताना टाच तळहातात धरून खाली ओढायची आणि आपल्या हाताच्या पुढच्या भागाने पाऊल वर दाबायचं. नुसता चवडा वर ढकलला तर पाऊल मध्येच मोडल्यासारखं वाकतं आणि पोटरी तशीच आखूड राहते.

इंजेक्शननंतर काही दिवसांत, अगदी काही आठवड्यांनीही, गिळायला अडचण, आवाज बसणं, श्वास लागणं, पापण्या जड होणं किंवा अंगभर अशक्तपणा, यातलं काही झालं तर फोनाफोनी करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. औषध लांब पसरल्याची ती खूण असते. असं क्वचित होतं, पण घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

खर्चाचं म्हणाल तर एकेका कुपीला हजारो रुपये लागतात. घ्यायच्या आधी जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात चौकशी करा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था १९५५ पासून आहे, तिकडच्या लोकांनी तिथेही विचारावं.

वहीतली मापं

दुसऱ्या वेळची माझी वही अशी: सुरुवातीला बाही सोळा इंच, सहाव्या आठवड्यात साडेवीस, चौदाव्या आठवड्यात एकोणीस. बोट ते तळवा: शून्य, मग दोन इंच, मग दीड. म्हणजे औषध उतरलं तेव्हा थोडं मागे आलं, पण सोळावर गेलं नाही. नखं आता बायको एकटी कापते, तेही टीव्हीवरची मालिका बघत.

बारा आठवड्यांच्या आत पुन्हा टोचत नाहीत. घाईघाईने वरचेवर घेतलं तर शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं आणि मग औषध लागू पडत नाही. मी पाचव्या महिन्यात गेलो. डॉक्टरांनी वही उलटसुलट करून पाहिली, कोपर झटकन आणि सावकाश करून बघितलं, आणि बायसेप्सचे १०० युनिट ५० वर आणले. या खेपेला दोनच कुप्या लागल्या, आणि एक थेंबही फेकला नाही.